हॉस्पिटल मॅनेजमेंट, पब्लिक हेल्थ वगैरे शिकायचंय? आधी ओपीडीच्या रांगेत जाऊन उभे रहा

आमच्या लालबागच्या चाळीत दर जूनमध्ये कोणीतरी काकू मला जिन्यात गाठतात आणि विचारतात, काय गं, ते हॉस्पिटल मॅनेजमेंट का काय म्हणतात त्याला स्कोप आहे का. यंदा आमच्याच मजल्यावरच्या काकूंची मुलगी, नीटला दोनदा बसली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकलं, आता घरचे तिच्यासाठी "मेडिकल लाइनचा" कुठला तरी कोर्स शोधतायत आणि दादर स्टेशनबाहेर मिळालेली तीन रंगीत पत्रकं काकूंच्या हातात होती. तिला उभ्याउभ्या अर्धा तास जे सांगितलं ते आणि जे सांगायचं राहिलं ते सगळं इथे लिहितेय, लांबलंय, चहा घेऊन बसा.

माझं आधी सांगते म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी बीकॉम. एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात बिलिंग काउंटरवर लागले, नोकरी करता करता संध्याकाळचा डिप्लोमा केला, मग नोकरी सोडून मास्टर्स, आणि आता आठ वर्षं झाली गोवंडी-मानखुर्द भागात वस्तीतल्या आरोग्याच्या कामाचं को-ऑर्डिनेशन करतेय. डॉक्टर नाही, नर्स नाही. आई शेजारी सांगते, ती "हॉस्पिटलचं बघते", आणि खरं सांगायचं तर याहून बरं वर्णन मलाही जमलेलं नाही.

काम काय असतं ते एका वाक्यात सांगायचं तर, डॉक्टर आजार बघतो आणि आपण बघायचं की पेशंट त्या डॉक्टरपर्यंत वेळेत पोचला का, आणि तिथून औषध, रिपोर्ट, पुढची तारीख घेऊन घरी गेला का. पेशंट हरवतो तो दोन खिडक्यांच्या मधे. केसपेपरची खिडकी एक, एक्सरेची दुसरी, पैसे भरायची तिसरी, औषधाची चौथी, आणि मधल्या कॉरिडॉरमध्ये म्हातारी आजी हातात चिठ्ठी धरून विचारत फिरते, "बाळा, हे कुठं?" त्या कॉरिडॉरचा अभ्यास म्हणजे हे करिअर. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

पहिली पायरी: फॉर्म भरायच्या आधी बघून या

सोमवारी सकाळी साडेआठच्या आत केईएम, सायन नाहीतर नायरच्या ओपीडीत जा. सोमवार मुद्दाम सांगतेय, रविवार बंद असल्यानं सगळी गर्दी त्या दिवशी येते. मास्क लावा, पाण्याची बाटली घ्या, एक छोटी वही घ्या, आणि कोणाच्या मधे न येता दोन तास फक्त बघा. फोटो काढायचे नाहीत, पेशंटची नावं लिहायची नाहीत, एवढा नियम पहिल्या दिवसापासून पाळा कारण पुढे हाच नियम परीक्षेतही येतो आणि नोकरीतही.

वहीत काय लिहायचं? केसपेपर मिळायला किती वेळ लागतो. बोर्ड कुठल्या भाषेत आहेत आणि ज्याला वाचता येत नाही तो कोणाला विचारतो. मला तर प्रत्येक ठिकाणी हेच दिसलंय की रस्ता सांगतो तो सिक्युरिटीवाला, मामा नाहीतर मावशी म्हणजे वॉर्डबॉय नाहीतर आया, आणि त्यांना कुठल्याही ट्रेनिंगला कोणी बोलवत नाही. एकदा एका मोठ्या हॉस्पिटलात पालघरकडून आलेली बाई सोनोग्राफीची चिठ्ठी घेऊन तीन खिडक्या फिरली आणि शेवटी कळलं की तिला ज्या शिक्क्यासाठी फिरवत होते तो पहिल्याच खिडकीवर मारायचा राहिला होता. तोवर बारा वाजून गेलेले, सोनोग्राफीचा नंबर गेला, परत यायचं म्हणजे पुन्हा पहाटेची गाडी. आता यात डॉक्टरची चूक नाही, मशीन बिघडलं नव्हतं, पैसे कमी पडले असंही नाही. हा सगळा आपल्या विषयाचा प्रश्न आहे.

दुसऱ्या दिवशी घराजवळचा पालिकेचा दवाखाना, आपला दवाखाना आणि आरोग्य केंद्र म्हणजे हेल्थ पोस्ट बघा. मुंबईत पालिकेची उतरंड साधारण अशी आहे: खाली हेल्थ पोस्ट आणि दवाखाने, मग प्रसूतिगृहं, मग उपनगरातली हॉस्पिटलं, आणि वर केईएम, सायन, नायर, कूपर अशी मेडिकल कॉलेजची मोठी हॉस्पिटलं. जेजे, जीटी, कामा ही राज्य सरकारची. हा फरक माहीत नसलेले पदवीधर मी इंटरव्ह्यूला पाहिलेत, जेजे पालिकेचं आहे असं बिनधास्त सांगतात.

हे दोन दिवस करून तुम्हाला चीड आली आणि चिडीबरोबर "इथे असं केलं तर?" हा विचार पण आला, तर पुढे वाचा. नुसता वास आणि गर्दी नको झाली असेल तर त्यातही काही वाईट नाही, दोन दिवसच गेलेत, दोन वर्षांची फी वाचली.

दुसरी पायरी: तीन वाटा, त्यातली आपली कुठली

लोक "हॉस्पिटल मॅनेजमेंट" म्हणतात तेव्हा तीन वेगवेगळी कामं एकाच पिशवीत भरतात.

पहिली वाट हॉस्पिटलच्या आतली. फ्लोअर मॅनेजर, ऑपरेशन्स, क्वालिटी, टीपीए डेस्क म्हणजे विम्याच्या क्लेमचं काम, एमआरडी म्हणजे मेडिकल रेकॉर्ड, खरेदी आणि स्टोअर, एचआर. इथे शिफ्ट असते, नातेवाईकांचा आरडाओरडा असतो, आणि मोठ्या डॉक्टरांना "नाही" म्हणायची हिंमत लागते.

दुसरी वाट सरकारी कार्यक्रमांची. २००५ ला ग्रामीण भागासाठी राष्ट्रीय आरोग्य अभियान आलं, शहरांसाठीचं २०१३ ला, आणि त्यानंतर प्रोग्रॅम मॅनेजर, एम अँड ई ऑफिसर म्हणजे कामाची देखरेख आणि मूल्यमापन बघणारा, डेटा मॅनेजर अशा बऱ्याच जागा तयार झाल्या. यातल्या खूपशा कंत्राटी, अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर चालणाऱ्या. घरी "सरकारी नोकरी लागली" सांगण्याआधी ऑर्डर नीट वाचा.

तिसरी वाट वस्तीची आणि घरची. एनजीओ, सीएसआरचे प्रकल्प, वृद्धांची देखभाल, होम केअर, पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करणारी देखभाल. मुंबईत या वाटेला जुना इतिहास आहे हे फार जणांना माहीत नसतं. सायन हॉस्पिटलात १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दुधाची बँक सुरू झाली ती डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानं, आणि पुढे १९९९ मध्ये त्यांनीच स्नेहा ही संस्था काढली, कारण नवजात वॉर्डात येणारी बाळं ज्या वस्त्यांमधून येत होती तिथे जाऊन काम केल्याशिवाय वॉर्डातली गर्दी कमी होणार नव्हती. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ चं, शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटसाठी देशातलं पहिलं हॉस्पिस. आणि आता घराघरात एकटे राहणारे आईवडील आणि मुलगा अमेरिकेत नाहीतर पुण्यात, त्यामुळे होम केअरवाल्यांना शेड्युल बघणारी, अटेंडंटना ट्रेन करणारी, तक्रारी मिटवणारी माणसं सारखी लागतात.

मी पहिलीतून तिसरीत आले. उलटं जाणं जरा कठीण जातं, कारण हॉस्पिटलवाले वस्तीच्या अनुभवाला अनुभव धरत नाहीत, हे मला चुकीचं वाटतं पण आहे तसं आहे.

तिसरी पायरी: तुम्ही आत्ता कुठे आहात त्यावर कोर्स

बारावी झालीय तर माझं मत जरा वेगळं आहे. हॉस्पिटल मॅनेजमेंटची थेट पदवी देणारी कॉलेजं आहेत, वाईटच असतात असं नाही, पण सतराव्या वर्षी एवढ्या अरुंद गल्लीत शिरायची गरज नसते. बीएस्सी नर्सिंग करा, बीएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची पदवी करा, समाजशास्त्र, मानसशास्त्र, अर्थशास्त्र घेऊन बीए करा, बीकॉम करा, आणि मास्टर्सला इकडे वळा. बीएसडब्ल्यूसाठी न्यू मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन १९५५ पासून आहे, तिथल्या मुलींचं फील्डवर्क मी जवळून पाहिलंय, दुसऱ्या वर्षाची मुलगी वॉर्ड ऑफिसात जाऊन न घाबरता बोलते. काकूंच्या मुलीला मी नर्सिंगचं सांगितलं तर काकूंचं तोंड वाकडं झालं. पण नर्सिंग करून पुढे मॅनेजमेंटला आलेल्या माणसाला वॉर्डात कोणी शिकवू शकत नाही, आणि कम्युनिटी हेल्थ ऑफिसरसारखी वाट त्यांना उघडी असते.

पदवी झाली असेल तर मुंबईत बसून विचार करायला दोन संस्था आधी, दोन्ही देवनारला. टीआयएसएस म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट, १९३६ ची. तिथे हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशन आहे आणि पब्लिक हेल्थचे मास्टर्स आहेत. दुसरी आयआयपीएस, लोकसंख्या विज्ञानाची संस्था, १९५६ ची, जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण म्हणजे एनएफएचएस चालवते. ज्याला आकड्यात मजा येते, सॅम्पलिंग, डेमोग्राफी ऐकून झोप येत नाही, त्यानं आयआयपीएस नक्की बघावं, गणिताला घाबरणाऱ्यांनी नाव बघून जाऊ नये. गंमत म्हणजे या दोन्ही कॅम्पसपासून शिवाजीनगर, बैंगणवाडी या वस्त्या, देवनारचं डम्पिंग ग्राउंड फार लांब नाही. पुस्तक आणि प्रॅक्टिकल इतकं शेजारीशेजारी दुसरीकडे क्वचितच सापडेल, तरी दोन वर्षांत एकदाही तिथे न गेलेले विद्यार्थी मला भेटलेत.

खाजगी, कॉर्पोरेट हॉस्पिटलकडे कल असेल तर विद्याविहारचं सोमय्या आणि माटुंग्याचं वेलिंगकर, दोन्हीकडे हेल्थकेअर मॅनेजमेंट शिकवतात. फी एमबीएच्या पातळीची, त्यामुळे कर्ज काढताना हप्ता आणि या क्षेत्रातला सुरुवातीचा पगार एका कागदावर शेजारी लिहा. बाहेर जायची तयारी असेल तर पुण्यात सिम्बायोसिस आणि जयपूरला आयआयएचएमआर ही नावं हॉस्पिटलवाल्यांना ओळखीची आहेत.

एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस झालेल्यांना दारं जास्त उघडी असतात, कॉलेजही घेतं आणि नोकरीही. फक्त एक, डॉक्टर असून मॅनेजमेंटला आलात तर पहिलं वर्ष "मी डॉक्टर आहे" हे वाक्य घरी ठेवून या. स्टोअरकीपरसमोर त्याचा काही उपयोग होत नाही.

आणि नोकरी करणारे, माझ्यासारखे. इग्नूचा हॉस्पिटल अँड हेल्थ मॅनेजमेंटचा पीजी डिप्लोमा आहे, पात्रतेच्या अटी अॅडमिशनआधी नीट वाचा, पदवी आणि अनुभव दोन्ही बघतात. डिस्टन्स कुठलंही घ्या, त्या वर्षासाठी यूजीसीच्या डिस्टन्स ब्युरोची मान्यता आहे का ते यूजीसीच्या साइटवर स्वतः तपासा, काउन्सेलरच्या शब्दावर जाऊ नका. पीजीडीएम असेल तर एआयसीटीईची मान्यता बघा.

पत्रकांबद्दल. "१००% प्लेसमेंट" लिहिलेलं दिसलं की मी तीनच गोष्टी विचारायला सांगते. इंटर्नशिप कुठे आणि किती आठवडे, आणि ती कॉलेज लावून देतं की तुम्हीच शोधायची. शिकवणाऱ्यांपैकी किती जणांनी हॉस्पिटल नाहीतर कार्यक्रम प्रत्यक्ष चालवलाय. आणि मागच्या बॅचच्या दोन मुलांचे नंबर द्या, आम्ही बोलू. तिसऱ्या प्रश्नाला जिथे टाळाटाळ होते तिथून उठायचं. मी स्वतः हे न विचारता एका संध्याकाळच्या डिप्लोमाचे पैसे भरले होते, सहा महिने एकच सर नोट्स वाचून दाखवायचे आणि इंटर्नशिपचं सर्टिफिकेट कोणी हॉस्पिटलात न जाता सगळ्यांना मिळालं. ते सर्टिफिकेट अजून फाइलमध्ये आहे, कुठे दाखवत नाही.

चौथी पायरी: प्रवेश परीक्षा आणि इंटरव्ह्यू

यावर कमी लिहिते, क्लासेसवाले भरपूर सांगतात. टीआयएसएसचा रस्ता सध्या सीयूईटी पीजी या केंद्रीय प्रवेश परीक्षेतून आणि त्यानंतर संस्थेच्या स्वतःच्या फेरीतून जातो. महाराष्ट्रातल्या एमबीएला राज्याची एमबीए सीईटी, सिम्बायोसिसला स्नॅप. इंग्रजी, गणित, लॉजिक, चालू घडामोडी, रोज दीड तास, चार-पाच महिने.

मुलं अडकतात ती इंटरव्ह्यूला. "लोकांची सेवा करायचीय" हे वाक्य दिवसातून चाळीस वेळा ऐकलेली माणसं समोर बसलेली असतात. त्यांना तुमच्या वॉर्डाबद्दल काहीतरी खरं सांगा. ओपीडीतली ती वही इथे कामाला येते.

वाचायचं काय, तर एक धागा धरून वाचा. १९४६ चा भोर समितीचा अहवाल, पैसे देता येत नाहीत म्हणून कोणी उपचाराशिवाय राहू नये हा विचार तिथून. मग १९७८ ची अल्मा-आटाची घोषणा, प्राथमिक आरोग्य सेवेवर भर. मग आशाताई, मग शहरी अभियान, ज्यात साधारण ५०,००० लोकवस्तीमागे एक नागरी आरोग्य केंद्र असा निकष आहे. आता हा निकष घ्या आणि आपल्या वस्तीवर लावून बघा, वस्ती २ लाखांची असेल तर ४ केंद्रं हवीत, प्रत्यक्षात किती आहेत आणि त्यातली दुपारी २ नंतर उघडी किती. झाला तुमचा इंटरव्ह्यूचा विषय तयार.

एनएफएचएस-५ म्हणजे २०१९-२१ चं महाराष्ट्राचं फॅक्टशीट डाउनलोड करा, थोडीच पानं आहेत. त्यात पाच वर्षांखालच्या वयाच्या मानानं उंची कमी असलेल्या मुलांचं प्रमाण ३५.२ टक्के आहे, त्याआधीच्या सर्वेक्षणात ३४.४ होतं. म्हणजे हॉस्पिटलातली बाळंतपणं वाढत असताना हा आकडा खाली आलाच नाही. का, यावर स्वतःच्या शब्दात पाच मिनिटं बोलता येणं म्हणजे तयारी.

आणि धारावी. १ एप्रिल २०२० ला तिथे पहिला कोरोना पेशंट सापडला. अडीच चौरस किलोमीटरच्या आसपासची जागा, सार्वजनिक संडास, दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं, घरीच वेगळं रहा सांगून उपयोग नव्हता. मग शाळा, हॉल ताब्यात घेतले, वस्तीतल्या खाजगी डॉक्टरांना बरोबर घेतलं, ताप तपासणी गल्लीगल्लीत नेली. औषध नसताना फक्त व्यवस्थेच्या जोरावर काय होऊ शकतं याचं हे आपल्या दारातलं उदाहरण आहे, कुठलं परदेशातलं उदाहरण सांगत बसू नका.

पाचवी पायरी: अभ्यासक्रमात खरं काय शिकायचं

विषय दहा-बारा असतात, मी पुढे रोज लागणारे तेवढेच सांगते.

खाटांचं गणित. २०० खाटांचं हॉस्पिटल, महिना ३० दिवसांचा, म्हणजे ६,००० खाट-दिवस हातात. रोज रात्री वॉर्डात किती पेशंट होते ते मोजून महिन्याची बेरीज केली, आली ५,१००. भागा, ८५ टक्के खाटा भरलेल्या. त्या महिन्यात डिस्चार्ज झाले ८५०, तर ५,१०० भागिले ८५०, पेशंट सरासरी ६ दिवस राहिला. आता हीच सरासरी ५ वर आणली तर तेवढ्याच खाट-दिवसांत १,०२० पेशंट बसतात. १७० माणसं जास्त, एकही नवी खाट न घेता.

मग प्रश्न असा की तो एक दिवस जातो कुठे? बिलिंग काउंटरवर बसून मी पाहिलंय तो कुठे जातो. सकाळी दहाच्या राउंडला डॉक्टर "आज सोडा" म्हणतात. डिस्चार्ज समरी रेसिडेंट दुपारी टाइप करतो कारण तो तोवर ओटीत असतो. उरलेली औषधं फार्मसीत परत जायची, त्याची एंट्री. मग बिल, मग टीपीएला मेल, मग त्यांचा प्रश्न, मग आपलं उत्तर. संध्याकाळी सहाला पेशंट खाली उतरतो, तोपर्यंत त्या खाटेसाठी कॅज्युअल्टीत दुसरा स्ट्रेचरवर पडलेला. २०२४ मध्ये विम्याची नियामक संस्था आयआरडीएआयनं कॅशलेसमध्ये डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांच्या आत द्यायला सांगितलं, पण आपली फाइल जर चार वाजता निघत असेल तर तीन तास तिथून मोजले जाणार ना. आमच्याकडे एका सिस्टरनी सुचवलेली युक्ती सगळ्यात चालली: उद्या कोण सुटणार याची यादी आदल्या संध्याकाळीच बनवायची आणि समरीचा कच्चा मसुदा रात्रपाळीत करून ठेवायचा. अशा गोष्टी कोर्समध्ये "डिस्चार्ज टर्नअराउंड टाइम" या नावानं शिकवतात, प्रोजेक्टसाठी यासारखा विषय नाही.

स्टोअर. एबीसी आणि व्हीईडी या दोन पद्धती एकत्र शिका. एबीसी म्हणजे पैशानं कुठली वस्तू जड, व्हीईडी म्हणजे पेशंटच्या जिवाला कुठली अत्यावश्यक. अॅड्रेनलिनचं इंजेक्शन स्वस्त आहे, पैशाच्या यादीत तळाला, पण संपलं तर माणूस जातो. आणि आधी एक्स्पायर होणारं आधी बाहेर, हे कपाटात खरंच पाळलंय का ते हात घालून बघायचं, रजिस्टरवर विश्वास ठेवायचा नाही.

जैविक कचरा. २०१६ चे नियम, पिवळी पिशवी ड्रेसिंग, रक्तानं माखलेलं आणि शरीराचे भाग यासाठी, लाल प्लॅस्टिकच्या नळ्या-सलाइन सेटसाठी, सुया-ब्लेड पांढऱ्या न भेदता येणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. पाठ करून मार्क मिळतात, पण खरी परीक्षा रात्री दोनला, जेव्हा लाल पिशव्या संपलेल्या असतात आणि मावशी विचारतात आता कशात टाकू. मावशींना सुई टोचली तर पुढे काय करायचं हे त्यांना माहीत आहे का, तेवढं आधी विचारा.

कायदे आणि योजना. हा भाग मुलं रटाळ म्हणून सोडतात आणि नेमका हाच सगळ्यात जास्त माणसांच्या उपयोगाचा. महाराष्ट्रात धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढावी लागते. हे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ एए. मी बिलिंगला बसून पहिले चार महिने हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, रेशनकार्ड हातात घेऊन उभ्या माणसाला मी "साहेबांना भेटा" एवढंच म्हणत होते, आणि साहेब अर्थात मीटिंगमध्ये. नंतर एमएसडब्ल्यू म्हणजे मेडिकल सोशल वर्कर ताईंनी शिकवलं की कुठलं उत्पन्नाचं प्रमाणपत्र चालतं आणि अर्ज अॅडमिशनच्या वेळीच कसा लावायचा, शेवटच्या दिवशी नाही. त्याबरोबर महात्मा फुले जन आरोग्य योजना, २०१८ ची आयुष्मान भारत, हॉस्पिटलात बसणारे आरोग्यमित्र काय करू शकतात आणि काय नाही, हे समजून घ्या. शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा, १९९४ चा गर्भलिंग निदानविरोधी कायदा आणि त्याचे फॉर्म, २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा, निदान एकेकदा मूळ मजकूर वाचा, गाइडमधला सारांश नको.

एक्सेल. पिव्होट टेबल येत नसेल तर या आठवड्यात शिका. फील्डसाठी कोबो टूलबॉक्ससारखं मोबाइलवर फॉर्म भरायचं साधन. आणि मराठीत अर्ज लिहिता येणं! वॉर्ड ऑफिसला, आरोग्य अधिकाऱ्यांना, नगरसेवकांना जाणारं एक पानी पत्र, विषय, संदर्भ, मागणी, प्रत रवाना. इंग्रजी शाळेतली हुशार मुलं इथे अडतात आणि मग मला रात्री अकराला व्हॉट्सअॅप येतो, "ताई, महोदय लिहायचं की महाशय?"

सहावी पायरी: फील्डवर्क

माझी पहिली पाहणी. फॉर्म छान बनवला, बेचाळीस प्रश्न, दुपारी चार ते सहा वेळ ठरवली कारण मला तेव्हा सोयीचं होतं. तीन दिवस गल्ली फिरले, निम्मी दारं बंद किंवा बाई दारातून "नंतर या". चौथ्या दिवशी आमच्या आरोग्य सेविका हसत म्हणाल्या, मॅडम, इथे साडेचारला पाणी येतं, कोण तुमच्याशी बोलणार. बेचाळीस प्रश्नांत पाण्याची वेळ विचारणारा एकही नव्हता. दुसऱ्या दिवशी अकराला गेले, बायका जरीकाम करत बसलेल्या, हात चालू आणि तोंडही चालू, दोन दिवसांत काम झालं.

म्हणून फील्डला गेल्यावर पहिला आठवडा काही विचारू नका. आरोग्य सेविकेबरोबर नुसते फिरा. ती कुठल्या घरात बसते, कुठे बाहेरूनच हाक मारते, लसीकरणाच्या दिवशी कुठली आई येत नाही आणि का, बाळाला ताप आला तर कामावर खाडा होतो म्हणून. तिचं रजिस्टर बघा, एकच माहिती किती वेगवेगळ्या ठिकाणी तिला लिहावी लागते ते मोजा. तिचं पगाराचं, सुट्टीचं दुखणं पण ऐकून घ्या, कारण उद्या तुम्ही मॅनेजर झालात की नवा फॉर्म काढून तिच्याच हातात देणार आहात.

मागायची कशी इंटर्नशिप? मेल करून वाट बघू नका. मेल करा, चार दिवसांनी फोन करा, मग प्रत्यक्ष जा, आणि "काहीही काम द्या" म्हणू नका. "मला सहा आठवडे आहेत, तुमच्या ओपीडीत पेशंटला कुठे किती वेळ लागतो ते मोजून देते" म्हणा. नेमकं सांगणाऱ्याला लोक हो म्हणतात.

सातवी पायरी: पहिली नोकरी

सुरुवातीचा पगार आयटीवाल्या मित्राला सांगावासा वाटणार नाही, हे आत्ताच ऐकून ठेवा. दोन-तीन वर्षांनी फरक पडतो, तो पण जे काम बदलून बदलून शिकतात त्यांना. पहिल्या नोकरीत शक्य असेल तर क्वालिटी डिपार्टमेंट धरा, एनएबीएच म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाची मान्यता, तिच्या तयारीत हॉस्पिटलचा प्रत्येक विभाग फिरावा लागतो, फार्मसीपासून शवागारापर्यंत, तेवढं दुसरीकडे दिसत नाही. टीपीए डेस्क कंटाळवाणा पण पैशाचा प्रवास तिथे कळतो. फ्रंट ऑफिसला "नुसतं रिसेप्शन" म्हणून नाक मुरडू नका, तक्रार पहिली तिथेच येते.

सीव्हीत "टीम प्लेयर, हार्डवर्किंग" लिहिण्यापेक्षा एक ओळ आकड्याची लिहा, अमुक ओपीडीत १२० पेशंटचा वेळ मोजला, सगळ्यात जास्त वेळ अमुक ठिकाणी जात होता, अमुक बदल सुचवला. खोटा आकडा घालू नका, पुढचा प्रश्न त्यावरच येतो.

जाता जाता कागदपत्रं, कारण दरवर्षी यात मुलं अडकतात. डोमिसाइल, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, हे जूनच्या गर्दीआधी करून घ्या. ओबीसी असाल तर नॉन क्रीमी लेयरची मुदत ३१ मार्चला संपते ते बघा, आणि टीआयएसएस, आयआयपीएससारख्या केंद्राच्या यादीतल्या संस्थांना केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याचा तिथे चालत नाही, नमुना त्यांच्या माहितीपत्रकात असतो तोच प्रिंट काढून न्यायचा. ईडब्ल्यूएसचंही तसंच. काकूंच्या मुलीकडे यातलं एकही नव्हतं, उद्या दोघी आधी सेतू कार्यालयात जाणार आहेत, आणि सोमवारी केईएमला. वही मी दिलीय.